हरकत नसल्यास लेखी कळवावे

आधी क्षमा मागतो. आमच्या घरात कागदावर अंगठ्याऐवजी सही करणारा पहिला माणूस मी. अर्ज, रजेची चिठ्ठी, सोसायटीचं पत्र एवढं लिहायची मला सवय आहे. पण स्वतःबद्दल पानं भरायची आणि ती चार शिकलेल्या लोकांनी वाचावीत अशी अपेक्षा करायची, हे मला अजून जड जातं. दुसऱ्याच्या ओसरीवर न विचारता बसल्यासारखं वाटतं. शिवाय सांगण्यासारखा पराक्रम माझ्याकडे नाही. खोलीतल्या मित्राला मी एक शब्द दिला होता आणि तो पाळला नाही, एवढीच गोष्ट आहे. तरी लिहितो आहे. चुकेल तिथे सांभाळून घ्यावं.

आमचं गाव नरखेड तालुक्यात. थोडी संत्र्याची बाग, बाकी कपाशी. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी पॅसेंजरने नागपूरला शिकायला आलो. सोबत पत्र्याची पेटी, वळकटी आणि बाबांनी बाजारातून नवं आणलेलं ताट-वाटी. वसतिगृहात ताट आपलं आपण आणायचं असे.

त्या वसतिगृहात तीन मेस होत्या. पहिली, दुसरी, तिसरी. कोणत्याही पाटीवर कोणाची जात लिहिलेली नव्हती. पण पहिल्या दिवशी मी ऑफिसात आडनाव सांगितलं आणि कारकुनाने मान वर न करता म्हटलं, "दुसरी." मला वाटलं, ही खोलीची लाइन असेल. नंतर कळलं, ती माझी पंगत होती. पहिलीत शहरातली, वरच्या समजल्या जाणाऱ्या घरांची मुलं. दुसरीत आम्ही शेतकऱ्यांची. तिसरी अंगणापलीकडे, नळांच्या मागे, पत्र्याच्या शेडमध्ये. तिथे सरकारी शिष्यवृत्तीवरची बौद्ध आणि इतर मुलं जेवत. विचारलं तर उत्तर तयार असे: "शिष्यवृत्तीचे कागद वेगळे असतात, म्हणून सोयीसाठी." खोल्या मात्र नंबराप्रमाणे मिळत. त्यामुळे एकाच खोलीत झोपणारे दोघे घंटा झाली की दोन दिशांना चालू लागत. दोन वर्षं मी तसा चालत गेलो. त्यात काही चुकतं आहे असं मला वाटलं नाही, हेही इथेच कबूल करतो.

माझ्या खोलीतला मित्र भंडाऱ्याकडचा. बी.एस्सी.ला होता, जेवायला तिसऱ्या मेसमध्ये. त्याच्याही घरात तोच पहिला. पण माझ्यासारखा तो दबून राहत नसे. रसायनशास्त्राच्या पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालता घालता तो कोणाचीही टर उडवायचा. दुसऱ्या मेसच्या मुलांनी मला मेसचा सेक्रेटरी केलं, कारण दुसरं कोणी तयार नव्हतं. त्या दिवसापासून तो मला 'साहेब' म्हणू लागला.

"साहेब, आज तुमच्या राज्यात काय शिजून राहिलं?"

"वांगं."

"आमच्यात बी वांगंच. पाहा, देश एकच हाय, वांगं बी एकच हाय. फक्त आपण दोघं दोन हाओत."

त्या वर्षी दिवाळीनंतर तिसऱ्या मेसची स्वयंपाकीणबाई लेकीकडे निघून गेली. दुसरी कोणी मिळेना. शेड बंद पडली. तिथल्या मुलांना इतर मेसमध्ये बसवायचं नाही, 'व्यवस्था होईपर्यंत' त्यांनी आपापलं पाहावं, असं ऑफिसने सांगितलं. मित्र शहराच्या दुसऱ्या टोकाला, इंदोऱ्याला त्याच्या मावशीकडे जेवायला जाऊ लागला. पायी जायचं, पायी यायचं. त्याचं प्रॅक्टिकल सकाळी असे. जेवून परत येईपर्यंत अर्धं सरलेलं असायचं. डेमॉन्स्ट्रेटरने दोनदा ताकीद दिली. हजेरी भरली नसती तर परीक्षेला बसता आलं नसतं. परीक्षा हुकली की शिष्यवृत्ती गेली, आणि शिष्यवृत्ती गेली की वसतिगृह. इतकं सरळ होतं ते.

एका सकाळी तो चपलेचा तुटलेला अंगठा हातात घेऊन खोलीत आला आणि खाटेवर बसला. त्या दिवशी त्याने टर उडवली नाही.

मी म्हणालो, "तीन मेसची एक मेस काहून नाही करत?"

"कोण करन?"

"मी मांडतो. रेक्टरसरांसमोर."

"अन् तुह्ये दुसरीवाले?"

"मी उभा राहीन. तुले शब्द देतो."

तो म्हणाला, "शब्द देऊन राहिला तं लक्षात ठेव. मी ठेवतो."

आमचे रेक्टर विद्यापीठात शिकवत. समतेवर त्यांची भाषणं होत आणि त्या सभांना सीताबर्डीपासून लोक येत. खादीचा सदरा, आवाज मऊ. माझ्यासारख्या मुलालाही ते 'तुम्ही' म्हणत. मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी 'तुम्ही' म्हटलं ते त्यांनीच. भीत भीत मी एक मेस करण्याचं सांगितलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "मी याच दिवसाची वाट पाहत होतो. पण हे वरून लादलेलं नको. तुमच्यातून आलं पाहिजे." मी खोलीपर्यंत जवळजवळ धावत आलो.

पुढच्या भेटीत ते म्हणाले, "पालकांना विश्वासात घेतलं पाहिजे. नाहीतर उद्या कोणी म्हणेल, मुलांना फूस लावली. तुमचं अक्षर चांगलं आहे. तुम्हीच प्रत्येक घरी एकेक पोस्टकार्ड लिहा." मसुदा त्यांनी दिला. तो मला आजही पाठ आहे. 'वसतिगृहातील तिन्ही मेस एक करून सर्व जातिधर्मांचे विद्यार्थी एकाच पंगतीत जेवतील अशी व्यवस्था करण्याचे योजिले आहे. आपली हरकत नसल्यास पंधरा दिवसांत तसे लेखी कळवावे. उत्तर न आल्यास हरकत आहे असे समजण्यात येईल.'

मी विचारलं, "सर, पाकिटात पाठवायचं का?"

ते हसले. "काय लपवायचं आहे त्यात? समतेची गोष्ट उघड्यावरच झाली पाहिजे."

हे मला इतकं पटलं की मी ते वाक्य वहीत लिहून ठेवलं.

इथे थांबून थोडं कार्डाबद्दल सांगितलं पाहिजे. आमच्या गावात पोस्टमन बाजाराच्या दिवशी यायचा. पारावर बसून पिशवी उघडायचा. कार्ड ज्याचं असेल तो बहुधा वाचू शकत नसे, मग वाचता येणारा जो कोणी जवळ असेल तो मोठ्याने वाची. कोणाची सोयरीक मोडली, कोणाचा जावई रुसला, सगळं सगळ्यांना एकदमच कळे. सहावी-सातवीत असताना ते वाचण्याचं काम मीच करत असे. म्हातारे माझ्याभोवती उभे राहत आणि मला फार मोठं झाल्यासारखं वाटे. म्हणजे कार्ड कुठे जातं, कोण वाचतं, ऐकणारे कोणाच्या तोंडाकडे पाहतात, हे त्या वसतिगृहात माझ्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. तरी मी बेचाळीस कार्डं लिहिली. ओळी वाकड्या जाऊ नयेत म्हणून खाली आखलेला कागद ठेवून लिहिली.

मित्र शेजारच्या खाटेवरून पाहत होता. त्याने एक कार्ड उचललं.

"अबे, हे तं पारावर वाचतीन."

"वाचू दे. लपवायचं काय हाय?"

"तुह्या डोक्याले काय झालं गा? दहा लोकायसमोर कोणता बाप म्हणन, हाव, बसवा माह्या पोट्ट्याले त्यायच्या पंगतीत? एकटा असता तं म्हणला बी असता." मग त्याने शेवटची ओळ वाचली. "अन् हे काय? उत्तर नाही आलं तं हरकत हाय? ज्याले लिहिता येत नाही तो कायले लिहीन?"

"सरांनी विचार करूनच लिहिलं असेल. सर आपले आहेत."

"आपले म्हणजे कोणाचे?"

मला राग आला. मी म्हणालो, "तुले सगळ्यायचाच संशय येते." त्याने कार्ड गठ्ठ्यावर परत ठेवलं. नीट, कडा जुळवून ठेवलं. मग टाक पुसायला फडकं दिलं आणि म्हणाला, "लिही. तुह्या अक्षरावर तं सोयरीक जुळन." दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून कार्डं पोस्टाच्या पेटीत टाकली. त्यातली अर्धी त्याने टाकली.

दहा-बारा दिवसांनी शेजारच्या गावचा एक मुलगा गावाहून परत आला. तो दुसऱ्या मेसमध्येच जेवायचा. वाढपी भाजी वाढत असताना सगळ्यांसमोर तो म्हणाला, "सेक्रेटरी, तुह्यं कारड तुह्या गावात वाचलं बाप्पा! पारावर! लोकं असे हासले का इचारू नको. एक म्हातारा म्हणे, पोरगं शिकाले गेलं का सोयरीक पाहाले गेलं?"

पंगत हसली. मी हळूच विचारलं, "अन् बाबा?"

"ते काही बोललेच नाही. उठले अन् चालले गेले."

मी जेवलो नाही. बाबांचं मान खाली घालून पारावरून उतरणं मला दिसत होतं. आपण त्यांना चारचौघांत उघडं पाडलं, या विचाराने मला घरी पत्रही लिहिता येईना. मित्राला यातलं मी काही सांगितलं नाही.

पंधरा दिवस संपल्यावर एका रविवारी सकाळी रेक्टरांनी कॉमन रूममध्ये सगळ्यांना बोलावलं. तिसऱ्या मेसची मुलं मागे भिंतीशी उभी होती. टेबलावर सुतळीने बांधलेली कार्डं होती. सर खिन्न दिसत होते. म्हणाले, "मला फार आशा होती. बेचाळीस कार्डांपैकी थोडीच उत्तरं आली. काही घरांची स्पष्ट हरकत आहे. बाकीचे गप्प आहेत. म्हणजे त्यांचीही हरकतच आहे."

मागून माझा मित्र म्हणाला, "सर, गप्प म्हणजे नाही, हे कोणी ठरवलं?"

"पत्रातच लिहिलं आहे," सर शांतपणे म्हणाले. "तुमच्या मित्राच्याच अक्षरात."

सगळे माझ्याकडे वळले. मला शब्द आठवला आणि मी उभा राहिलो. हे वाक्य माझं नाही, मसुदा तुमचा आहे, आणि गप्प राहिलेले लोक नाही म्हणालेले नाहीत, एवढं मला बोलायचं होतं. मनात मी ते दोनदा म्हटलंही. "सर," मी म्हणालो.

सरांनी सुतळी सोडली. गठ्ठ्यातून एक कार्ड काढलं. निळ्या शाईतलं. खाली अंगठा उठलेला लांबूनही दिसत होता.

"हे तुमच्या वडिलांचं उत्तर," ते म्हणाले. आवाज तोच, मऊ. "तुम्ही बोलण्याआधी वाचून दाखवू का सगळ्यांना?"

पार, हसणारी माणसं, उठून जाणारे बाबा, सगळं माझ्या डोळ्यांसमोर आलं. पुन्हा एकदा, इथेही, माझ्यामुळे त्यांचं कार्ड लोकांत वाचलं जाणार होतं. आणि त्यातलं 'नाही' ऐकल्यावर मी काय तोंडाने बोलणार होतो?

"नको, सर," मी म्हणालो आणि बसलो.

ठराव झाला. पालकांच्या इच्छेचा आदर करून मेस होत्या तशाच राहतील. ठरावाखाली सेक्रेटरी म्हणून माझी सही घेतली.

मित्राने त्याच दिवशी सामान बांधलं. हजेरीचा प्रश्न आता सुटणार नव्हता, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. मी दारात उभा होतो.

"तू बसला कायले?" त्याने विचारलं.

"बाबांनी नाही लिहिलं असेल."

"असेल? तू वाचलं काय?"

"नाही."

"मंग?"

तो म्हणाला, "तुह्या बापानं नाही म्हटलं असतं ना, तरी तुले उभं राहता आलं असतं. मी तुह्या बापाचा शब्द नव्हता मागितला." मग उसन्या आणलेल्या सायकलच्या कॅरिअरला पेटी बांधायला त्याने दुसऱ्या एकाला हाक मारली. मी शेजारीच होतो.

तो त्या वर्षी परीक्षेला बसला नाही. पुढेही बसला नसावा. तीन-चार वर्षांनी सीताबर्डीवर दिसला, कुठल्याशा कारखान्याच्या गणवेशात. मी हाक मारली. तो थांबला, सभ्यपणे हसला आणि म्हणाला, "कसे आहात तुम्ही? बरं चाललं ना तुमचं?" त्या 'तुम्ही'नंतर मी 'बरं चाललंय' म्हणालो आणि माझ्या वाटेने निघालो.

रेक्टरांनी स्नेहसंमेलनात भाषण केलं. 'आपल्या वसतिगृहातल्या एका शेतकऱ्याच्या मुलाने समतेचं पाऊल टाकलं, समाज अजून तयार नाही त्याला तो काय करणार' असं म्हणून त्यांनी मला व्यासपीठावर बोलावलं आणि एक पुस्तक दिलं. मी ते घेतलं. टाळ्या वाजल्या. नमस्कारही केला.

मला वाटतं, सरांनी आम्हाला फसवलं हे मला त्या व्यासपीठावर उभं असतानाच कळलं होतं. कार्ड, पार, शेवटची ओळ. त्यांनाही गावं माहीत होती. तेही लहानपणी कुठल्यातरी गावात कार्डं वाचतच मोठे झाले असतील. पण सर परके होते. परक्याचा राग काही वर्षांत निवतो. निवला नाही तो बाबांवरचा. मला वाटायचं, ज्या एका क्षणी मला त्यांची गरज होती, त्या क्षणी त्यांनी अंगठा उमटवून माझे पाय ओढले. मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारायचं काय होतं? त्यांनीही विषय काढला नाही. आमच्या दोघांत आधीही फार बोलणं नव्हतं. आता पाऊस आणि भाव एवढंच उरलं.

पुढे मला नोकरी लागली, नागपुरातच नंदनवनला दोन खोल्यांचं घर झालं. बाबा मोसमात संत्री घेऊन यायचे, एक-दोन दिवस राहायचे. माझ्या ऑफिसातला एक बौद्ध सहकारी आमच्याकडे नेहमी जेवायला येत असे. पण बाबा आलेले असले की मी त्याला काहीतरी कारण सांगून टाळत असे. बाबांना चालणार नाही, म्हणून. एकदा तो अचानकच आला. मी त्याला दारातूनच पानाच्या ठेल्यावर घेऊन गेलो. परत आलो तर बाबांनी विचारलं, "कोण होते? जेवाले काहून नाही थांबवलं?" मी म्हणालो, "घाईत होता." बाबांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि पाण्याचा गडू उचलला.

मागच्या हिवाळ्यात बाबा गेले. तेरवीला गावचे जुने गुरुजी आले होते. मी नागपूरला शिकत असतानाच त्यांची दुसऱ्या तालुक्यात बदली झाली होती, त्यानंतर आमची भेट नव्हती. आता फार थकले होते. पंगती उठल्यावर आम्ही मांडवात बसलो होतो. इकडचं-तिकडचं झालं. मग ते म्हणाले, "तुह्या बापासारखा माणूस नाही पाह्यला बाबू मी. ते कारड आलं होतं ना तुमच्या होस्टेलाचं?"

मी म्हणालो, "हो."

"लोकं पारावर हासून राह्यले होते, अन् हा उठून सरळ माह्या घरी आला. म्हणे, गुरुजी, लिहा. मी म्हटलं, काय लिहू? म्हणे, हरकत नाही म्हणून लिहा. पोट्टं ज्याच्यासंगं राहते त्याच्यासंगं जेवन, त्यात मले काय इचारता? मी म्हटलं, गावात बोलतीन. म्हणे, बोलून झालं त्यायचं. सोता अंगठा देल्ला, अन् सोता टेशनवर जाऊन पोस्टाच्या डब्यात टाकलं. तुले तं हे ठाऊकच असन."

मी काहीच बोललो नाही. त्यांनी त्याचा अर्थ 'हो' असा घेतला असावा.

"मंग एक दिवस आला माह्याकडे, बदलीच्या आधी. संत्रा मार्केटात बाजूच्या गावचा कोणी भेटला होता त्याले, त्यानं मीटिंगीचं सांगितलं. मले म्हणे, गुरुजी, मी तं लिहून देल्लं होतं. पोट्टं भेलं. बसून गेलं. मी इचारलं, त्याले काही बोलला काय? म्हणे, नाही. त्याले सोताले लाज वाटत असन, आपण कायले अजून काढा?"